वर लेंड्या, मग राख, मग माती

आप्पा सही करायला जेवढा वेळ लावायचे, तेवढ्यात आमच्या गावातला माणूस जेवून, हात धुऊन, सुपारी कातरून मोकळा व्हायचा. आधी ते कागद वाचायचे. ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत. पान संपलं की उलटून मागची कोरी बाजूही बघायचे. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, पुन्हा घालायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. तोवर हवालदारांचा चहा गार झालेला असायचा.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आधी सगळं लिखाण वाचायला मागितलं असतं, आणि मग हे पुरं झालंच नसतं.

आप्पा आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई होते. नळाचे व्हॉल्व्ह सोडायचे, कार्यालय झाडायचं, नोटिसा वाटायच्या, अशी कामं. पण गावात त्यांची ओळख होती ती पंच म्हणून. पोलीस पंचनामा करतात तेव्हा त्यांना गावातली दोन माणसं साक्षीला लागतात, ती पंच. आमचं गाव भीमेच्या काठावर. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. उसाचं गाव, पैशाचं गाव. दारात दोन-दोन गाड्या, बंगल्यांना काचेची गॅलरी. अशा गावात पंच व्हायला कोणी तयार नसतं, कारण पुढे कोर्टाच्या तारखा येतात. पोलिसांची गाडी दिसली की मोठी माणसं उसात मोटर बघायला जायची. मग उरायचे आप्पा.

बाकीचे पंच हॉटेलात बसून सही करायचे. हवालदार पंचनामा लिहूनच आणायचे, माणूस सही ठोकायचा, चहा प्यायचा, संपलं. आप्पांना ते जमायचं नाही. पंचनाम्यात ‘समक्ष’ असा शब्द असतो. तो आला की ते बोट तिथेच थांबवायचे.

“समक्ष म्हंजी डोळ्याम्होरं,” ते म्हणायचे. “मी हितं भजी खातोय. जागा तिकडं हाय. चला.”

आणि जागेवर गेलं की मोजणी. त्यांच्याकडे टेप होता, पण त्यांचा टेपवर विश्वास नव्हता. टेप ताणला की वाढतो, चप्पल ताणत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची चप्पल साडेदहा इंची होती. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत ते सगळं अंतर चालायचे आणि मोठ्याने मोजायचे. मध्ये कोणी बोललं, खोकलं, फोन वाजला, तर थांबायचे. परत जायचे. परत एकपासून. एका अपघाताच्या पंचनाम्यात त्यांनी रस्ता पाच वेळा मोजला असं सांगतात. हे मी ऐकलेलं आहे, समक्ष नाही. आप्पांबद्दल लिहिताना तेवढं तरी वेगळं ठेवलं पाहिजे.

ग्रामसभेच्या वहीचं मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे. तेव्हा मी सातवीत होते.

आमच्याकडे ग्रामसभेला तीस-पस्तीस माणसं यायची. पण सभा कायद्यात बसायला सह्या पुष्कळ लागतात. मग सभा झाल्यावर शिपाई वही घेऊन घरोघर फिरायचा आणि लोक ओट्यावर बसून सह्या करायचे. सगळ्या गावाला हे माहीत होतं, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी तेव्हाच्या सरपंचांनी आप्पांना वही देऊन पाठवलं. आप्पा गेले. एकही घर सोडलं नाही. आमच्या वस्तीवरही आले. माझ्या वडिलांनी शाई लावून अंगठा दिला. आप्पांनी खिशातून लाल पेन काढला आणि अंगठ्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘घरी’.

मी वही डोकावून पाहिली. प्रत्येक नावापुढे तेच. घरी. घरी. घरी. एका ठिकाणी ‘गोठ्यात’. एका ठिकाणी ‘न्हाव्याच्या दुकानात’.

पुढे तालुक्याचे साहेब दप्तर तपासायला आले आणि वही उघडून बराच वेळ हसत बसले, असं म्हणतात. सभा रद्द झाली. सरपंचांनी भर चौकात आप्पांना झाडलं, गावाची अब्रू घालवली म्हणाले. आप्पा म्हणाले, “सह्या घ्या म्हणालात, घेतल्या. कुठं घेतल्या ते लिवू नको असं बोलला न्हाईत.” सभा पुन्हा ठेवली. आणि आप्पांना सगळ्यांसमोर बोलणी बसणार, ती बघायला म्हणून इतके लोक आले की देवळाच्या मंडपात बसायला जागा राहिली नाही. आमच्या गावची ती पहिली भरलेली ग्रामसभा. आप्पांनी दारात उभं राहून सह्या घेतल्या आणि प्रत्येकापुढे लाल पेनने लिहिलं, ‘समक्ष’.

नंतर सहा महिने त्यांना लांबच्या पाण्याच्या टाकीवर राखणीला बसवलं. त्यांनी तक्रार केली नाही. मी शाळेत जाताना ते टाकीखाली वर्तमानपत्र वाचत बसलेले दिसायचे, जाहिरातींसकट.

ते असे का, याच्या गावात गोष्टी होत्या. कोणी म्हणायचं, तरुणपणी न बघता सही केली आणि कोर्टात वकिलाने घराचं दार कुठल्या दिशेला होतं असं विचारून त्यांना घाम फोडला. कोणी म्हणायचं, एका गरिबाला त्यांच्या सहीमुळे शिक्षा झाली. मी अकरावीत असताना धीर करून त्यांनाच विचारलं. ते व्हॉल्व्हची चावी फिरवत होते.

“तसलं काय न्हाई,” ते म्हणाले. “सातवी शिकलोय मी. वाचाया येतं. वाचाया येत असून न वाचता सही करायची, म्हंजी तो अंगठाच झाला की.”

मला ते लागलं. माझे वडील अंगठा देतात. आप्पांना ते माहीत होतं. त्यांनी सांभाळून घेतलं नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही, चावी फिरवत राहिले. मी तशीच निघून आले.

त्याच वर्षी केबलचं प्रकरण झालं.

आम्ही धनगर. माझ्या चुलत्यांनी मेंढरं विकून शेती धरली, वडिलांनी साठ मेंढरं ठेवली. ऊस तुटून गेला की शेतकरी आम्हाला बोलावतात. मोकळ्या रानात चार बाजूंनी वाघर, म्हणजे जाळी, लावायची, मेंढरं दोन-तीन दिवस बसवायची, रानाला खत होतं. मग वाघर काढायची आणि पुढच्या रानात जायचं. आमचा मेंढवाडा एका जागी कधीच नसतो.

एका सोमवारी नदीवरच्या सात मोटारींच्या केबली कापून नेल्या. केबल जाळली की आतलं तांबं भंगारात जातं. सात मोटारी म्हणजे सात मोठी घरं, आणि त्यात एक सरपंचांचं. मधल्या काळात निवडणूक होऊन हे नवे सरपंच आले होते. ऊस दोन दिवस तहानलेला राहिला, ठाण्यावर फोन सुरू झाले. सरपंच म्हणाले, मेंढक्याशिवाय नदीला रात्रंदिवस कोण असतं. एवढं वाक्य पुरलं. शुक्रवारी सकाळी पोलीस आमच्या वाघरीत आले, काठीने कोपरा उकरला आणि त्यांना जळालेल्या केबलची राख सापडली. काळी, वितळून चिकटलेल्या रबराची.

वडिलांना गाडीत बसवून नेलं. त्यांना नीट बोलता येत नाही अशा वेळी. ते सारखं म्हणत होते, आम्ही बुधवारी आलो हितं, बुधवारी. सोमवारी आमची मेंढरं माळाच्या बाजूला दुसऱ्या एका बागायतदाराच्या रानात होती. त्यांना आईने जाऊन विचारलं. ते म्हणाले, दिवस काय ध्यानात नाही बाई, मला यात घेऊ नका. आई परत येऊन वाघरीजवळ बसली. मी कॉलेजला गेले नव्हते. मला तेव्हा एकच कळत होतं, की गुन्हा लागला तर वडील गेले, मेंढरं विकावी लागणार आणि माझं शिक्षण तिथेच थांबणार. आईला ते माझ्या आधी कळलं होतं.

दुपारी हवालदार पंचनामा घेऊन ग्रामपंचायतीत गेले. लिहून तयार होता. संशयिताच्या मेंढवाड्यात जाळलेल्या केबलची राख समक्ष मिळून आली. ते कोणी खोटं लिहिलं होतं असंही नाही. राख तिथे होतीच. दुसऱ्या पंचाने सही करून टाकली होती. आप्पांचं बोट मात्र ‘समक्ष’वर थांबलं.

म्हणून उन्हाचे सगळे पुन्हा आमच्या वाघरीकडे आले. पुढे आप्पा, मागे हवालदार, त्यांच्या मागे दुसरे पंच तोंडावर रुमाल धरून. आप्पांना पाहून मी उठले. म्हणाले, आप्पा, आम्ही तर बुधवारी...

“तू पंच न्हाईस,” ते म्हणाले. “बाजूला हो. मला काय सांगू नगं.”

इतकं परकं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी आईजवळ जाऊन उभी राहिले.

त्यांनी वाघर मोजली, एकेक चप्पल लावत. दुसरे पंच एकदा शिंकले, तेव्हा पुन्हा मोजली. मग ते राखेपाशी उकिडवे बसले. पोलिसांनी उकरलेला भाग त्यांनी सोडला आणि शेजारी, जिथे कोणी हात लावला नव्हता तिथे, काडीने हळूहळू खरवडायला लागले. आमची एक मेंढी येऊन त्यांचा सदरा चघळायला लागली, तरी त्यांना कळलं नाही.

मग म्हणाले, “हवालदार, हे लिवा. वर लेंड्या.”

हवालदार म्हणाले, आप्पा, मेंढवाडा आहे, लेंड्या असणारच.

“तेच लिवा. वर लेंड्या, तुडवलेल्या, दोन बोटं. त्याच्या खाली राख. आता इकडं बघा, राखेच्या खाली काय हाय?”

हवालदार वाकले. म्हणाले, माती.

“माती. लेंडी हाय का एक तरी? बघा, सावकाश बघा.”

हवालदारांनी काडी घेतली. त्यांनीही खरवडलं. नव्हती.

“मंग तसं लिवा. वर लेंड्या, मग राख, मग माती. राखेच्या खाली लेंडी दिसून आली न्हाई.”

मला ते समजायला थोडा वेळ लागला. आईला लगेच समजलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मेंढरं आधी बसली असती आणि राख नंतर झाली असती, तर राखेच्या खालीही लेंड्या असत्या. नव्हत्या. म्हणजे केबल जळाली तेव्हा तिथे मेंढरूच नव्हतं. आम्ही कोणा दुसऱ्याच्या राखेवर वाघर लावली होती.

आप्पा यातलं काहीच बोलले नाहीत. म्हणून काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते फक्त कागदावर ते तीन थर मागत होते.

हवालदार वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. ते लांबून, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. मेंढवाडा जागा बदलतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. त्यांनी पेन काढला आणि ते अडले. “सरकारी कागदावर लेंड्या लिहू का आप्पा? साहेब हसतील मला.” मग त्यांनी ‘मेंढ्यांची विष्ठा’ असं लिहिलं. आप्पांनी कागद घेतला, ओठ हलवत वाचला, परत दिला.

“हे काय?”

“लेंड्याच की.”

“मंग लेंड्याच लिवा. उद्या कोर्टात इचारलं तर मला कळाय नको का, मी काय बघितलं ते?”

हवालदारांनी ते खोडलं, त्यावर ‘लेंड्या’ लिहिलं आणि खोडल्याची छोटी सही केली. आप्पांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मागची कोरी बाजू बघितली. मग सही केली. ज्या दुसऱ्या पंचांनी आधीच सही केलेली होती, त्यांना म्हणाले, आता समक्ष झालं, आता परत कर.

संध्याकाळी ठाण्यातल्या फौजदारांनी तो पंचनामा वाचला. हसले की नाही मला माहीत नाही. त्यांनी रानाच्या मालकाला बोलावून मेंढरं कधी आली ते विचारलं, तो बुधवार म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील एसटीने परत आले. येताना त्यांनी सगळ्यांसाठी जिलेबी आणली होती, आणि ती कोणाला खाता आली नाही.

सोडण्याआधी ठाण्यात त्यांचा जबाब घेतला होता. आप्पा तिथेही होते, बाकावर, कोणी बोलावलं नसताना. अंगठा द्यायच्या आधी त्यांनी तो कागद मागितला आणि वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. सगळा. वडील सांगतात, मला पहिल्यांदा कळलं, माझ्या अंगठ्याच्या वर काय लिवल्यालं असतं.

चोर कोण होता ते मला आजही माहीत नाही. तो सापडला नाही.

आईने आप्पांसाठी एक घोंगडी काढून ठेवली होती, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. ती घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मनात वाक्यं जुळवून गेले होते. त्यांनी घोंगडीला हातसुद्धा लावला नाही. केस मिटेपर्यंत पंचाने काही घ्यायचं नसतं म्हणाले. मी म्हणाले, आप्पा, तुम्ही आम्हाला वाचवलंत.

“मी कुणाला वाचवलं न्हाई,” ते म्हणाले. “राखंखाली लेंड्या असत्या तर तेबी लिवलं असतं. तुझा बाप असता तरी. माझा असता तरी.”

त्या दिवशी मला राग आला. थोडं तरी आमच्यासाठी केलं असं त्यांनी म्हणायला हवं होतं, असं वाटलं. आता मी शिरूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. इथे माणसं माझ्यासाठी खूप काही करतो असं म्हणतात, चांगल्या मनाने म्हणतात. पण त्या एका वाक्यावर मी जितकी टेकून उभी राहू शकते, तितकी दुसऱ्या कशावर नाही. ते आमच्या बाजूचे असते, तर उद्या दुसऱ्याच्याही बाजूचे होऊ शकले असते. हे मला नीट मांडता येत नाही. पण ते माझ्या गावचे आहेत, हे मी हॉस्टेलमध्ये न विचारता सांगते.

केस मिटलेली नाही, त्यामुळे घोंगडी अजून आमच्या पेटीत आहे. आई दरवर्षी ती उन्हात घालते आणि पुन्हा ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात मी स्कॉलरशिपसाठी रहिवासी दाखला काढायला ग्रामपंचायतीत गेले. आप्पा निवृत्त झालेत, पण सकाळी पायरीवर येऊन बसतात. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याने धूसर दिसतं. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. एक नवे तरुण हवालदार पंच शोधत आले. एक मिळाला होता. गावाच्या सवयीप्रमाणे दुसऱ्यासाठी त्यांना आप्पांकडे पाठवलं होतं.

“न दिसणारा पंच काय कामाचा?” आप्पा म्हणाले. मग माझ्या बाजूला तोंड करून, “ही पोरगी वाचती. हिला घ्या.”

हवालदारांनी वय विचारलं. वीस, मी म्हणाले.

विहिरीवर माणसं जमली होती. आता पंचनाम्याचं मोबाईलवर शूटिंग करतात. हवालदारांनी मोबाईल धरला. विहिरीपासून रस्त्यावरच्या चाकांच्या खुणांपर्यंतचं अंतर घ्यायचं होतं. आप्पांनी मला बसवलं, खिशातून लोखंडी पट्टी काढली आणि बोटांनी चाचपत माझी चप्पल मोजली. नऊ इंच, दोन सूत. “ध्यानात ठेव,” म्हणाले. मी टाचेला अंगठा लावत निघाले. पोरं हसत होती. मी मोठ्याने मोजत होते.

शंभराच्या पुढे गेले आणि मागून गाडी आली. सरपंचांची. हॉर्न दिला, काच खाली केली आणि विचारलं, कुणाची गं तू? मी मान वर केली, वडिलांचं नाव सांगितलं. ते ओळखून काहीतरी हसले. मी खाली पाहिलं. एकशे अडतीस, की एकशे एकोणचाळीस?

हवालदारांनी विचारलं, किती झाली ताई. मी चपलेकडेच बघत होते. ते म्हणाले, एकशे चाळीस धरतो, पुढे चला. कोणाला काहीच कळलं नसतं. मोबाईल माझ्या तोंडाकडे होता, पायाकडे नाही. आप्पा विहिरीजवळ दगडावर बसले होते, आणि त्यांना तिथून मी एक ठिपका दिसत असणार.

“चुकले,” मी म्हणाले. “पहिल्यापासून मोजते.”

हवालदार म्हणाले, मोबाईलची चार्जिंग संपत आलीय. पोरं पुन्हा हसली. मी मागे चालत आले. आप्पा दगडावरून उठले होते. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि विहिरीच्या कठड्याला हात लावत जिथून मोजायचं तिथे येऊन उभे राहिले.

“हितनं,” म्हणाले.

सरपंचांची गाडी अजून घुरघुरत होती. तेवढ्यात मागच्या बांधावरून माझे वडील आले, मेंढरं घेऊन. ते कधी आले आणि किती वेळ बघत होते, मला माहीत नाही. त्यांनी काठी टेकली आणि ज्या आवाजात ते कधी कोणा मोठ्या माणसाशी बोलले नव्हते, त्या आवाजात म्हणाले,

“सरपंच, गाडी बंद करा तेवढी. पोरगी मोजतीया.”

मग इंजिन बंद झालं. पोरं गप्प झाली. मेंढरंसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

मी आप्पांच्या पावलांशेजारी माझी चप्पल लावली.

“एक,” मी म्हणाले.